रक्ताचा अहवाल चांगला, पण हाडांचे काय?

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे आहे. विसाव्या वर्षापासून चौदा वर्षे मी जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसे वितळवण्याच्या कारखान्यात काम केले. ते काम सोडून आता चोवीस वर्षे झाली. गेली नऊ वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे, दोनदा पायाच्या अंगठ्याला गाऊटचा (सांध्यात युरिक ॲसिड साचून होणाऱ्या संधिवाताचा) झटका येऊन गेला आणि या वर्षी मूत्रपिंडाच्या तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन वाढून १.६ आले. मधुमेह नाही. दिवसाला सात-आठ सिगारेटी होतात. रक्तातील शिसे ४ आले असून अहवालावर ‘सामान्य’ असे छापले आहे. मात्र एका केंद्राने आधी कॅप्सूल देऊन सहा तासांची लघवी तपासली, शिसे ‘अत्यधिक’ असल्याचे सांगितले आणि शरीरशुद्धीसाठी तीस सलाईन घेण्यास सुचवले. कोणाचे खरे मानावे? माझे आजार शिशामुळेच झाले का? माझे कामाचे कपडे पत्नी घरी धूत असे. तिची हाडे आता ठिसूळ झाली आहेत. त्याच काळात जन्मलेली मुलगी सध्या गरोदर आहे. आम्ही सर्वांनी सगळ्याच धातूंची तपासणी करून घ्यावी का? माझा त्या काळातील हत्यारांचा पेटारा अजून घरात आहे, त्याचे काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र दोनदा वाचले, कारण त्यातील तपशील तुम्ही अतिशय नेमके दिले आहेत आणि असे तपशील अनेकदा तपासण्यांपेक्षा जास्त बोलतात. तुमच्या हातात दोन अहवाल आहेत आणि ते परस्परविरोधी आहेत असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात रक्ताचा अहवाल बरोबर आहे, पण तो तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाही. आणि लघवीचा अहवाल कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नाही.

शिसे श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात गेले की प्रथम रक्तात येते, पण तेथे फार काळ राहत नाही. रक्तातील शिशाचे प्रमाण साधारण महिनाभरात निम्म्यावर येते. त्यातले काही लघवीवाटे बाहेर पडते आणि बरेचसे हाडांत जाऊन बसते, कारण शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट ओळखता येत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि तेथून ते निघून जायला दशके लागतात. त्यामुळे रक्तातील आकडा मुख्यतः गेल्या काही महिन्यांत काय घडले ते सांगतो. भट्टीपाशी घालवलेल्या चौदा वर्षांची नोंद त्यात नसते. चोवीस वर्षे भट्टीपासून दूर राहूनही तुमच्या रक्तात ४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसे सापडत असेल, आणि सध्या त्याचा दुसरा स्रोत नसेल, तर त्यातला काही भाग तुमच्याच हाडांतून हळूहळू झिरपत असावा असे मानायला जागा आहे.

‘सामान्य’ या शब्दाबद्दलही थोडे सांगायला हवे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लहान मुलांच्या रक्तातील शिशासाठी जी पातळी दखलपात्र मानली, ती १९८५ मध्ये २५ होती, १९९१ मध्ये १० झाली, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. मुलांची शरीरे या काळात बदलली नाहीत. कमी प्रमाणातील शिशाचे परिणाम संशोधकांना दिसू लागले, म्हणून आकडा खाली आला. जागतिक आरोग्य संघटना तर शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून मान्य करत नाही. तेव्हा तुमच्या ४ या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण छापलेल्या त्या एका शब्दावर विसंबून जुना इतिहास डॉक्टरांपासून लपवावा असेही नाही.

जुना संपर्क किती वर्षांनी डोके वर काढतो, याचे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताचे उदाहरण मला नेहमी आठवते. तेथे लाकडी घरांना मोठे व्हरांडे असत आणि त्यांच्या कठड्यांना शिसेयुक्त पांढरा रंग दिलेला असे. कडक उन्हाने रंगाची भुकटी होई, कठडा धरून खेळणाऱ्या मुलांच्या हातांना ती लागे आणि हात तोंडात जात. ब्रिस्बेनमधील नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये मुलांमधील शिशाच्या विषबाधेचे मूळ या रंगात असल्याचे दाखवून दिले. गोष्ट तेथे संपली नाही. त्या प्रांतात तरुण आणि मध्यम वयाची माणसे मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने मोठ्या संख्येने दगावत असल्याचे पुढे लक्षात आले, आणि शोध घेता घेता विसाव्या शतकाच्या मध्यात त्याचा धागा बालपणीच्या त्या कठड्यांपर्यंत जाऊन पोहोचला. बालपणीचे दुखणे विसरले गेले होते, मधली कित्येक वर्षे ही माणसे धडधाकट होती, आणि तरीही मूत्रपिंडाची झीज आतल्या आत चालू राहिली होती.

आता तुमच्या आजारांकडे वळू. उच्च रक्तदाब, गाऊट आणि मूत्रपिंडाची मंदावलेली क्षमता हे त्रिकूट शिशाशी संबंध आलेल्या माणसात एकत्र दिसले की व्यावसायिक आजारांच्या डॉक्टरांचे कान टवकारतात. शिसे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा करते, युरिक ॲसिड बाहेर टाकण्याची त्यांची क्षमता कमी करते आणि मग ते सांध्यात साचते. दुसरीकडे ते रक्तवाहिन्यांना सैल होऊ देणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणते, त्यामुळे रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब पुन्हा मूत्रपिंडालाच मारक ठरतो. तुम्हाला मधुमेह नाही, हीसुद्धा शिशाकडे बोट दाखवणारी बाब आहे, कारण मूत्रपिंड बिघडण्याचे एक मोठे कारण त्यामुळे बाजूला पडते. लघवीतून प्रथिन जात आहे का, ते तुम्ही कळवलेले नाही. शिशाने झालेल्या मूत्रपिंडाच्या विकारात ते सहसा फारसे जात नाही, म्हणून ती साधी तपासणी राहिली असल्यास करून घ्या. कामाच्या त्या वर्षांत पोटात पिळवटून टाकणारी कळ आणि सततची बद्धकोष्ठता होती का, किंवा हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ कोणी पाहिली होती का, तेही आठवून पाहा. माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या भट्टीवरच्या कामगारांना मी पहिल्यांदा ओठ वर करायला सांगतो, कारण ती रेघ दिसली की बरेच प्रश्न विचारायची गरज राहत नाही. ती कालांतराने पुसली जाते, त्यामुळे आज ती नसणे हा कोणताच पुरावा नव्हे.

एवढे सगळे जुळत असले तरी ‘शिशामुळेच’ यातल्या ‘च’ला मी दुजोरा देणार नाही. शिशाचा संपर्क उच्च रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढवतो हे आता नीट प्रस्थापित आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचे धोकाघटक म्हणून मांडले. परंतु हजारो माणसांच्या समूहात सिद्ध झालेला धोका एका माणसाच्या आजारात नेमका किती वाटा उचलतो, हे मोजण्याची सोय वैद्यकशास्त्राकडे नाही. वय, आनुवंशिकता, मीठ, सिगारेट आणि नऊ वर्षांचा रक्तदाब हे सारे तुमच्या बाबतीत एकत्र नांदत आहेत. हाडांतील शिसे विशिष्ट क्ष-किरणांनी मोजता येते आणि अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या दीर्घ अभ्यासात रक्तदाबाशी रक्तातील शिशापेक्षा हाडांतील शिशाचे नाते अधिक घट्ट आढळले होते, पण ही मोजणी मोजक्या संशोधन केंद्रांत होते आणि तिच्या निष्कर्षाने तुमचे उपचार बदलणार नाहीत. म्हणून शिशाचा बराच हात असावा, असे धरून चाला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. माझ्या अनुभवात, रक्तदाबाच्या रुग्णाला ‘आधी कोणते काम करत होता?’ हा प्रश्न दहापैकी नऊ वेळा कोणी विचारलेलाच नसतो.

कॅप्सूल देऊन केलेल्या लघवीच्या तपासणीबद्दल मात्र मी मुळीच सौम्य बोलणार नाही. धातूला पकडून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध आधी दिले, तर कोणत्याही निरोगी माणसाच्या लघवीत धातूचे प्रमाण वाढते, कारण थोडेफार शिसे प्रत्येकाच्याच शरीरात असते. ‘सामान्य’ मर्यादा ठरवलेल्या असतात त्या औषध न घेतलेल्या माणसांच्या लघवीवरून. औषध घेतलेल्याची लघवी त्या मर्यादांशी ताडून पाहायची, म्हणजे धावत आलेल्या माणसाची नाडी मोजून त्याला हृदयरोगी ठरवण्यासारखे आहे. विषशास्त्रातील तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने ही पद्धत अमान्य केल्यालाही आता बरीच वर्षे झाली. केसांतील धातूंच्या तपासणीचे आमिषही तुम्हाला दाखवले जाईल. बाहेरची धूळ आणि केसांना लावलेली प्रसाधने यांमुळे एका व्यक्तीच्या उपचारांचा निर्णय त्या तपासणीवरून घेता येत नाही.

सलाईनमधून दिल्या जाणाऱ्या या उपचाराला कीलेशन म्हणतात आणि योग्य जागी ते प्राण वाचवते. रक्तातील शिसे फार चढलेले असते, उदाहरणार्थ मुलांमध्ये ४५ किंवा त्याहून अधिक, तेव्हा ते रुग्णालयात देखरेखीखाली देतात. तुमची स्थिती ती नाही. हे औषध रक्तातील आणि मऊ ऊतींतील शिसे पकडते, हाडांच्या गाभ्यातील साठ्यापर्यंत त्याचा हात फारसा पोहोचत नाही. त्यामुळे सलाईन थांबल्यावर हाडांतून शिसे पुन्हा रक्तात येते आणि आकडा चढतो. शिवाय या औषधाची नावाने जवळपास सारखी अशी दोन रूपे आहेत, त्यांतले एक रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, आणि अशा गफलतीतून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. मूत्रपिंडे आधीच थकलेल्या माणसाने हा धोका का पत्करावा?

हृदयविकार टाळण्यासाठी तरी कीलेशनचा उपयोग होतो का, यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,७०८ जणांच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात थोडा लाभ दिसला आणि मधुमेह्यांमध्ये तो अधिक होता, तेव्हा अनेकांनी, मीही, भुवया उंचावल्या होत्या. म्हणून मधुमेह आणि झटका असे दोन्ही असलेल्या सुमारे हजार जणांवर दुसरी चाचणी घेण्यात आली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा दिसले की रक्तातील शिसे निम्म्याहून अधिक उतरले, पण हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. रक्तातील आकडा खाली आणणे आणि माणसाचा धोका खाली आणणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहायला मिळते. मूत्रपिंडाबाबत तैवानमधील एका गटाने २००३ मध्ये, निवडक रुग्णांमध्ये कीलेशनने झीज मंदावल्याचे दाखवले होते. तो अभ्यास लहान होता आणि तेवढ्यावरून कोणी सर्रास सलाईन लावावे असे ठरत नाही. या मार्गाचा विचार करायचाच असेल, तर तो मूत्रपिंडतज्ज्ञांसोबत करावा. ज्या केंद्रात तपासणी करणारा आणि सलाईन विकणारा एकच आहे, तेथे करू नये.

मग करायचे काय? जे झाले ते हाडांतून उपसून काढता येत नाही, पण त्याने ज्या अवयवांना दुबळे केले त्यांच्यावरचा भार कमी करता येतो. रक्तदाब घरी मोजून लिहून ठेवा आणि तो डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत आहे याची खात्री करा. मूत्रपिंडाची झीज रोखण्याचे याहून प्रभावी साधन नाही. गाऊटचा झटका आला की तुम्ही कोणती गोळी घेता, हे पत्रात नाही आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके अशा मूत्रपिंडांना थेट अपाय करतात. ठणका असह्य असतो हे मान्य आहे. तरीही दुकानातून परस्पर गोळी आणू नका, झटका थोपवण्याचे आणि युरिक ॲसिड ताब्यात ठेवण्याचे औषध डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दर काही महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन तपासत राहा. चालत-फिरत राहा, कारण दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडे झिजतात आणि झिजताना साठवलेले शिसे रक्तात सोडतात. थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय झाली तरीही हेच होते, म्हणून कधी विनाकारण वजन उतरू लागले आणि छाती धडधडू लागली तर तेही अंगावर काढू नका.

सिगारेटचा उल्लेख तुम्ही सहज जाता जाता केला आहे. मला मात्र तो तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द वाटला. तंबाखूचे रोप जमिनीतील कॅडमियम पानांत ओढून घेते, धुरातून ते फुप्फुसात जाते आणि तेथून मूत्रपिंडात जाऊन दहा ते तीस वर्षे मुक्काम ठोकते. कॅडमियम काय करू शकते ते जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात दिसले : खाणीतून नदीत आलेले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे इतकी मऊ झाली की खोकल्यानेही मोडू लागली. वेदनेने कण्हणाऱ्या रुग्णांच्या उद्गारांवरूनच त्या आजाराला ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे नाव पडले आणि १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्य केला. सिगारेटीतील कॅडमियम त्या मानाने फारच थोडे असते, हे खरे आहे. पण तुमच्या मूत्रपिंडांनी एका धातूचा मार आधीच सोसलेला आहे, आणि दुसरा धातू तुम्ही रोज सात-आठ वेळा स्वतःच्या हाताने आत पाठवत आहात. शरीरशुद्धीवर खर्च करायचाच असेल, तर तो सिगारेट सोडवणाऱ्या उपचारांवर करा.

तुमच्या पत्नीबद्दलची शंका रास्त आहे. कामाच्या कपड्यांवरून घरी येणारी धूळ कपडे झटकताना आणि धुताना श्वासात जाते, हे सर्वज्ञात आहे. त्यांची हाडे केवळ शिशामुळे ठिसूळ झाली असे म्हणता येणार नाही, पण पाळी बंद झाल्यानंतर हाडे वेगाने झिजू लागतात तेव्हा त्यांतील शिसेही सुटते आणि रक्तदाबावर त्याचा परिणाम होऊ शकतो. त्यांच्या रक्तातील शिसे एकदा तपासावे, रक्तदाब आणि क्रिएटिनिन पाहावे, आणि हाडांची झीज थांबवणारे उपचार टाळू नयेत. ते त्यांना हाडांसाठी हवेच आहेत, शिसे कमी सुटणे हा वरचा लाभ. त्यांना हिमोग्लोबिनही तपासायला सांगा. लोह कमी पडले की आतडी शिसे आणि कॅडमियम अधिक प्रमाणात शोषून घेतात.

मुलीच्या बाबतीत दिरंगाई नको. गरोदरपणात बाळाची हाडे घडवण्यासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम काढले जाते, आणि तिच्या बालपणी साठलेले शिसे त्यासोबत रक्तात येऊन वारेतून बाळापर्यंत जाऊ शकते. तिच्या प्रसूतितज्ज्ञांना तुमच्या कामाची माहिती द्या आणि तिच्या रक्तातील शिसे तपासण्याची विनंती करा. लोह आणि कॅल्शियम त्यांनी सांगितलेल्या मात्रेत नेमाने घेतल्यास, विशेषतः कॅल्शियमने, हाडांतून होणारा शिशाचा निचरा काहीसा कमी होतो असे आढळले आहे. शरीरशुद्धीचे कोणतेही चूर्ण किंवा घटक न सांगता विकले जाणारे औषध तिने घेऊ नये. अशा औषधांतच शिसे आणि पारा सापडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

‘सगळ्या धातूंची तपासणी’ मी कोणालाच सुचवत नाही. आधी स्रोत शोधावा, मग त्याला साजेशी तपासणी करावी. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी पीत असाल, तर शरीराऐवजी त्या पाण्यातील आर्सेनिक तपासा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे आणि पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटल्याने ते अधिक दाट होते. चिलीतील अँतोफागास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकने भरलेले नदीचे पाणी मिळाले. शुद्धीकरण सुरू होऊन दशके लोटल्यावरही तेथे फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू अधिक होत राहिले. लघवीतील आर्सेनिक तपासायचेच ठरले, तर आधीचे तीन-चार दिवस मासे आणि अन्य समुद्री अन्न बंद ठेवा, कारण त्यातील आर्सेनिक निरुपद्रवी प्रकारचे असूनही आकडा फुगवते. पाऱ्याचा प्रश्न मोठे शिकारी मासे वारंवार खाणाऱ्यांना आणि त्वचा उजळवणारी मलमे वापरणाऱ्यांना आहे. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही.

उरला तो पेटारा. त्यात शिशाचे तुकडे, वितळवण्याची पळी किंवा त्या काळातील हातमोजे असतील, तर तो घरात ठेवू नका आणि मुलगी किंवा लहान मूल आसपास असताना उघडू नका. उघडण्यापूर्वी हातमोजे आणि धुळीसाठीचा चांगला मास्क घाला. झाडू किंवा फडके कोरडे फिरवू नका. ओल्या फडक्याने पुसा, ती फडकी पिशवीत बांधून टाका, त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवा आणि काही खाण्याआधी हात साबणाने धुवा. आतील वस्तू भंगारात देऊ नका, कारण तेथून त्या पुन्हा कोणाच्या तरी भट्टीत जातील. घातक कचरा स्वीकारणारी स्थानिक यंत्रणा कोणती आहे ते विचारून तेथेच सोपवा. पेटारा ज्या जागी ठेवला होता तेथील फरशी आणि भिंतीचा खालचा भागही पाण्याने पुसून घ्या.